ओट्याचा कडप्पा आणि त्याच्या मुलखातली खनिजे

प्रश्न : आमच्या ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर लिंबाचा रस सांडला की पांढुरके डाग उमटतात आणि कितीही घासले तरी जात नाहीत. हा दगड खरोखरच आंध्रातल्या कडप्पाचा असतो का? त्याच भागात युरेनियम, बराइट आणि हिरेही मिळतात असे वाचले. एकाच मुलखात इतकी वेगवेगळी खनिजे कशी काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दगडाचे नाव गावावरूनच पडले आहे. हा ग्रॅनाइट नसून समुद्रतळाशी साचलेला चुनखडक आहे. लिंबातल्या आम्लात चुना विरघळतो, त्यामुळे डाग म्हणून दिसते ती खरे तर पॉलिश गेलेली जागा असते. ती घासून निघणार नाही, पुन्हा पॉलिशच करावे लागेल. तेलाचा हात फिरवल्यास काही दिवस झाकली जाते, इतकेच.

कडप्पाच्या परिसरात चंद्रकोरीच्या आकाराची, सुमारे ४४ हजार चौरस किलोमीटर पसरलेली द्रोणी आहे. जमीन हळूहळू खचत गेली, समुद्र आत शिरला आणि वाळू, चिखल, चुना यांचे थर कोट्यवधी वर्षे एकमेकांवर चढत राहिले. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. येथील खालचे थर मात्र १८० कोटींहून अधिक वर्षांचे आहेत. तेव्हा शंखशिंपले नव्हतेच. वेंपल्ले येथील डोलोमाइटमध्ये, म्हणजे चुनखडकासारख्याच पण मॅग्नेशियम असलेल्या खडकात, दिसणारे घुमटाकार पापुद्रे उथळ पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी रचलेले आहेत.

आता खनिजांकडे वळू. त्यांची घडण एका रीतीने झालेली नाही, आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर येथेच आहे. याच डोलोमाइटच्या एका फॉस्फेटयुक्त थरात तुम्मलपल्ले येथील युरेनियम आहे. प्रमाण अल्प असले तरी थर लांबवर सलग जातो, म्हणून तेथे खाण चालू शकते. एरवी युरेनियम अशा खडकात क्वचितच मिळते. पुलिवेंदुलाजवळ मात्र उष्णतेने काम केले: सुमारे १८९ कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस थरांमध्ये आडवा घुसला आणि त्याच्या सान्निध्यात मॅग्नेशियमयुक्त डोलोमाइट भाजून निघून तंतुमय ॲस्बेस्टॉस तयार झाले. त्याचे तंतू फुप्फुसाला घातक ठरल्याने आज त्याचे कौतुक कोणी करत नाही. मंगमपेटचा बराइट, म्हणजे बेरियमचे जड खनिज, ज्वालामुखीच्या राखेच्या थरांसोबत सापडतो. जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांत त्याची गणना होते. पाण्याच्या साडेचारपट जड असलेली त्याची भुकटी तेलविहिरी खोदताना वापरतात, कारण त्या जड चिखलाच्या दाबामुळे खालचा वायू उसळून वर येत नाही.

हिऱ्यांची गोष्ट याहून निराळी. ते या द्रोणीत घडलेलेच नाहीत. हिरा दीडशे किलोमीटरहून अधिक खोलीवर तयार होतो आणि ज्वालामुखीच्या नळीतून वर येतो. त्या नळ्या झिजल्यावर वाहत्या पाण्याने हिरे गोट्यांबरोबर वाहून आणले व बनगानपल्ली भागातल्या पिंडाश्मात, म्हणजे गोटे एकत्र घट्ट होऊन बनलेल्या खडकात, ते अडकून पडले. जुन्या काळी लोक तोच खडक फोडून हिरे वेचत. हा थर नेमका त्या चुनखडकाच्या खाली आहे, ज्याच्या फरश्या तुमच्या ओट्यापर्यंत येतात.