फेसलिफ्टनंतरच्या मॉडेलचे पुढचे फेंडर बसवले तर टायरला जास्त जागा मिळेल का?

तुमची गाडी फेसलिफ्टच्या (कंपनीने त्याच गाडीचं तोंड बदललं त्याच्या) आधीची. २०५/५५ आर १६ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) काढून २२५/५५ आर १६ टायर घातलेत आणि आता स्टिअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यातून गेलात की पुढे घासल्याचा आवाज येतो. नंतरच्या मॉडेलची चाकावरची कमान तुम्हाला मोठी वाटते, म्हणून ते फेंडर (पुढच्या चाकांवरचे बाहेरचे पत्रे) आणून बसवायचा विचार आहे.

बोल्ट जुळतील का, असं विचाराल तर बहुतेक जुळतील. घासणं थांबेल का, तर बहुतेक नाही. हे मी पैसे घालवून शिकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या जुन्या सेडानलाही हाच आजार होता. मीही तुमच्यासारखाच पार्किंगमध्ये शेजारी उभ्या असलेल्या नव्या मॉडेलकडे बघून ठरवलं की तिची कमान मोठी आहे. मोडीत निघालेल्या गाडीचे दोन्ही फेंडर आणले. दरवाज्याकडचे आणि वरचे बोल्ट अगदी बरोबर आले, त्यामुळे पहिला अर्धा तास मी भलताच खुशीत होतो. मग बोनेट खाली घेतलं. मागे गॅप सरळ, पुढे हेडलाइटजवळ पाचरीसारखी फाकलेली. हेडलाइटचा वरचा कोपरा फेंडरच्या कडेला बसेना आणि बंपरची क्लिप जिथे अडकायची तिथे भोकच नव्हतं. या सगळ्यावर कडी म्हणजे जुना आणि नवा फेंडर जमिनीवर एकमेकांवर ठेवून पाहिले, तर कमान हुबेहूब तीच! मोठी दिसत होती ती कडेने बाहेर काढलेल्या एका रेघेमुळे आणि नव्या गाडीच्या मोठ्या रिममुळे.

यात नवल काही नाही. फेसलिफ्टमध्ये कंपनी खर्च वाचवत असते. दरवाजे, पुढचा खांब, सस्पेन्शनचा टॉवर, आतलं एप्रन (चाकाच्या आतल्या बाजूचा पत्रा) हे सगळं जुनंच राहतं. बदलतात ते हेडलाइट, ग्रिल, बंपर, बोनेट आणि फेंडरचं नाक. म्हणून फेंडर मागच्या बाजूने बसतो आणि पुढच्या बाजूने रुसतो. पोर्शे ९११चं उदाहरण घ्या. १९७४च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या बंपरच्या नियमांसाठी पुढचे बंपर बदलले, त्याबरोबर बोनेट आखूड झालं आणि फेंडरचं टोकही बदललं. १९७३चा फेंडर हवा असेल तर बोनेट आणि बंपरही त्या काळाचेच लागतात. गाडीचं तोंड हा एक संच असतो, त्यातला एकच दागिना बदलून भागत नाही.

आता मुख्य मुद्दा. पुढचं चाक फक्त फेंडरलाच घासतं असं नाही. फेंडर म्हणजे बाहेरचा पत्रा. त्याच्या आत प्लास्टिकचा लायनर (चाकाभोवतीचं आवरण), लायनरमागे एप्रन, मागच्या बाजूला फायरवॉलखालचा (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीखालचा) वेल्डिंगचा सांधा, पुढे बंपरचा मागचा कोपरा, आणि आतल्या अंगाला स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरचा उभा खांब) किंवा स्प्रिंगची बशी. फेंडर बदलून यातली बाहेरची कड तेवढी हलते. बाकी सगळं जागच्या जागी राहतं. तुमचा टायर नेमका कुठे लागतोय हे कळल्याशिवाय फेंडर घेणं म्हणजे दात दुखतोय की कान ते न बघता दात उपटणं.

शोधायचं कसं? खडू घ्या. फेंडरच्या आतल्या कडेला, लायनरच्या पुढच्या-मागच्या पोटाला आणि बंपरच्या कोपऱ्याला जाड फासा. मग मोकळ्या जागेत हळूहळू पूर्ण डावं, पूर्ण उजवं, एकदा पुढे आणि एकदा मागे जात फिरवा. एखाद्या छोट्या चढवावर एकच चाक तिरकं चढवा, म्हणजे ते सस्पेन्शन चांगलं दाबलं जाईल. उतरून बघा, खडू कुठे पुसला. कडेला मास्किंग टेप लावली तरी चालते, फाटली की कळतं. रिव्हर्समध्ये बघायला विसरू नका. काही गाड्या पुढे जाताना गप्प असतात आणि मागे घेताना ओरडतात, कारण बुशमधल्या (सस्पेन्शनच्या रबरी जोडांमधल्या) ढिलाईमुळे चाक किंचित मागे-पुढे सरकतं.

तुमच्या आकड्यांवरून माझा अंदाज सांगतो. २०५/५५ आर १६चा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर आणि २२५/५५ आर १६चा सुमारे ६५४. म्हणजे चाकाच्या मध्यापासून टायर सगळीकडे ११ मिलिमीटरने वाढला, आणि रुंदीने दोन्ही बाजूंना साधारण १० मिलिमीटर. रिम तीच असेल तर बाहेर फार काही गेलेलं नाही. त्यामुळे पूर्ण वळवल्यावर घासत असेल तर ते बहुतेक लायनरच्या मागच्या पोटाला किंवा बंपरच्या कोपऱ्याला लागत असणार, आणि तिथे फेंडरचा काहीच संबंध नाही. (जाता जाता: या टायरांवर स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा तुम्ही आधीपेक्षा साधारण साडेतीन टक्के जास्त वेगात असाल.)

रिमही बदलली असेल तर गोष्ट वेगळी. समजा साडेसहा इंची, ४५ ऑफसेटची (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये) रिम काढून साडेसात इंची, ३५ ऑफसेटची घातली. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला १२.७ मिलिमीटर, ऑफसेट कमी झाल्याने सगळं चाक आणखी १० मिलिमीटर बाहेर. बाहेरची कड जवळजवळ २३ मिलिमीटर बाहेर आली, आतली मात्र जेमतेम ३ मिलिमीटर आत गेली. शिवाय चाक बाहेर सरकलं की वळताना ते जास्त मोठा गोल घेतं, त्यामुळे बंपरला आणि मागच्या सांध्याला लागायची शक्यताही वाढते. इथे फेंडरचा मुद्दा खरा ठरू शकतो, पण त्याआधी योग्य ऑफसेटची रिम शोधणं जास्त शहाणपणाचं.

खडू फेंडरच्या कडेवरच पुसला गेला असेल तरी आधी ती कड बघा. बऱ्याच पत्र्याच्या फेंडरची कड आत आडवी मुडपलेली असते. तीच कड रोलरने वर दाबून घेतली की तिच्या रुंदीइतकी जागा मिळते आणि अनेकदा तेवढी पुरते. चाक काढून हबवर रोलर बसवतात, हीट गनने रंग गरम करतात आणि थोडं थोडं दाबत जातात. घाई केली की रंग तडकतो आणि तडकलेल्या जागी गंज धरतोच; म्हणून नंतर आतून प्रायमर आणि सीलर लावायचंच. फेंडर प्लास्टिकचा किंवा अॅल्युमिनियमचा असेल तर हा प्रयोग नको. चुंबक लावून बघितलं की लोखंडी पत्रा आहे की नाही ते कळतं.

लायनरला लागत असेल तर क्लिपा काढून लायनर मागे ओढून पक्का करता येतो, किंवा गरम करून त्याचं पोट आत ढकलता येतं. मागच्या बाजूला लागत असेल आणि गाडीच्या सस्पेन्शनमध्ये कॅस्टर (बाजूने बघता स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) बदलायची सोय असेल, तर कॅस्टर वाढवून चाक थोडं पुढे नेता येतं. ते काम अलाइनमेंटच्या मशीनवरच करून घ्या. काही गाड्यांमध्ये नकलवर (चाकासोबत वळणाऱ्या भागावर) स्टिअरिंगचा स्टॉपर असतो, तो वाढवला की वळण थोडं मोठं होतं पण घासणं थांबतं. गाडी उंच करा असा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. उंच केल्याने उभ्या गाडीत जागा दिसते, पण खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेलं की चाक जुन्याच ठिकाणी पोहोचतं. ते थांबवतो बंप स्टॉप (सस्पेन्शन जिथे अडतं तो रबरी ठोकळा), स्प्रिंग नव्हे.

मग फेंडर बदलून कधीच फायदा होत नाही का? होतो, कमान खरोखर वेगळी असेल तिथे. जीप रँग्लरच्या जेएल पिढीत, जी २०१८च्या मॉडेलपासून आली, रुबिकॉन या प्रकाराचे फ्लेअर (चाकावरच्या बाहेर आलेल्या कमानी) इतर प्रकारांपेक्षा सुमारे दोन इंच वर आहेत, कारण तिला कारखान्यातूनच ३३ इंची टायर येतात. ते फ्लेअर वेगळे, बोल्टने लागणारे भाग असल्यामुळे बाकीच्या जेएलवरही बसवता येतात. उलट उदाहरण सुझुकी जिम्नीचं. जपानमधली लहान इंजिनाची जिम्नी १४७५ मिलिमीटर रुंद, कारण तिथल्या केई (लहान गाड्यांचा वर्ग) गाड्यांना १४८०ची मर्यादा आहे. मोठ्या इंजिनाची १६४५. हा फरक मुख्यतः बाहेरून लावलेल्या प्लास्टिकच्या कमानींचा. अशा कमानी बाहेर आलेलं चाक झाकतात, पण आतल्या पत्र्याला लागणाऱ्या टायरला एक मिलिमीटरही जागा करून देत नाहीत. तुम्हाला दिसलेली "मोठी कमान" या दोन्हींपैकी कोणत्या जातीची आहे ते आधी ठरवा.

ठरवायचा सोपा मार्ग म्हणजे पुठ्ठा. तुमच्या फेंडरवर मोठा पुठ्ठा धरून दरवाज्याकडचे दोन बोल्ट आणि वरचा एक, अशी तीन भोकं पाडा, आणि त्याच पुठ्ठ्यावर कमानीची रेघ आखून कापा. हा साचा घेऊन दुसऱ्या फेंडरपाशी जा आणि त्याच तीन भोकांवर लावा. भोकं जुळली आणि पुठ्ठ्याची कड त्या कमानीच्या पोकळीत डोकावली, तर जेवढी डोकावली तेवढाच तुमचा फायदा. नुसत्या नजरेवर जाऊ नका, नजरेनेच मला फसवलं. भोकं जुळलीच नाहीत तर हसत परत या.

पार्ट नंबरही बघा, पण त्यावर विसंबू नका. नंबर सारखा असेल तर फेंडर सारखाच, एवढं नक्की. नंबर वेगळा असेल तर फरक फक्त साइड इंडिकेटरच्या भोकाचाही असू शकतो. आणि "अमुक सालचं मॉडेल" यावर तर मुळीच जाऊ नका, बनल्याचा महिना बघा. फोक्सवॅगन बीटलचे उभ्या काचेच्या हेडलाइटचे फेंडर १९६८चे म्हणून ओळखले जातात, पण अमेरिकेबाहेर ते ऑगस्ट १९६७पासूनच्या गाड्यांवर आहेत. बंपरच्या ब्रॅकेटची जागाही तेव्हाच बदलली. पुढे ऑगस्ट १९७०मध्ये स्ट्रट सस्पेन्शनची १३०२ (बीटलचाच एक प्रकार) आली, तिचे पुढचे फेंडर साध्या बीटलवर बसत नाहीत. नाव एकच, फेंडर तीन तऱ्हांचे.

एवढं सगळं बघूनही बदलायचंच ठरलं, तर लायनर, हेडलाइटचे ब्रॅकेट आणि बंपरची कडेची पट्टी त्याच गाडीतून सोबत घ्या. काढताना प्रत्येक बोल्टाखालच्या शिमचा फोटो काढा. बोनेट आणि दरवाज्याची गॅप त्या पातळ चकत्यांवरच अवलंबून असते. आणि रंग देण्याआधी एकदा कोरडं बसवून, दरवाजा पूर्ण उघडून बघा. मागची कड दरवाज्याला लागते का हे तेव्हाच कळतं. मी आधी रंग दिला होता. ते दोन फेंडर अजून माझ्याकडे भिंतीला टेकून उभे आहेत, रंग मात्र सुरेख जुळलाय.

खडू कुठे पुसला आणि रिमवर ऑफसेटचा आकडा काय आहे, ते खाली लिहा. तोवर फेंडरचे पैसे देऊ नका.