रात्री गाडी चालवताना एनर्जी ड्रिंक पिऊन जागं राहणं कितपत बरोबर आहे?

तुम्ही लिहिलंय की दोन हंगाम राजापूरहून आंब्याची पिकअप घेऊन वाशीला जाताय, झोप येऊ नये म्हणून एका बाटलीवर सुरुवात केलीत, आता दोन लागतात, आणि गेल्या आठवड्यापासून छातीत धडधड होतेय. चवीचं, कॅफीनचं पुढे सांगतो. आधी धडधडीचं. पुढच्या फेरीच्या आत जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन ईसीजी काढून घ्या आणि बीपी बघा. डॉक्टरांना "थकवा आहे" एवढंच सांगू नका. दिवसाला किती बाटल्या, किती चहा, तंबाखू-सिगारेट आहे का, किती तास झोप, हे आकड्यांत सांगा. घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल तर तेही सांगा. छातीत दुखलं, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या क्षणी गाडी बाजूला घ्या आणि पुढे नेऊ नका. पेट्या दुसरं कुणी नेईल.

मी देवगड तालुक्यातला. सहा हंगाम मीच गाडी चालवली, आता दोन ड्रायव्हर ठेवून माल पाठवतो. तुम्ही जे करताय ते सगळं मी केलंय, म्हणून हे जीव तोडून लिहितोय.

आमची गाडी संध्याकाळी सहाला भरून निघायची. नांदगाव तिठ्यावर हायवेला लागलं की पुढे रात्रभर तोच रस्ता. पहिली बाटली हातखंब्याला नऊच्या सुमारास, दुसरी चिपळूणला साडेअकराला. एका एप्रिलमध्ये लागोपाठ चौथी रात्र होती, त्या दिवशी पोलादपूरला दीड वाजता तिसरी घेतली. जाताना काहीच वाटलं नाही. उलट वाटलं, आज आपण एकदम फ्रेश. पाचला मार्केटात शिरलो, माथाडींनी पेट्या उतरवल्या, गाळ्यावर सही करताना पाहिलं तर पेनाचं टोक कागदावर थरथरत होतं. सही माझी वाटेना. हात थंड, तळव्यांना घाम, आणि मानेतली शीर उडतेय ते कानात ऐकू येत होतं. मग केबिनमध्ये आडवा झालो. डोळे मिटलेले, शरीर दगडासारखं जड, पण झोप नाही. तीन तास नुसता कुशी बदलत होतो. बाहेर हमालांच्या हाका, गाड्यांचे रिव्हर्सचे आवाज, सगळं जसंच्या तसं ऐकू येत होतं.

अकराला परत निघालो. गाडी रिकामी, ऊन रणरणतं. महाड मागे टाकल्यावर दुपारी तीनच्या सुमारास मला जाग आली ती सोबतच्या भाच्याच्या किंकाळीने. डावी चाकं साईडपट्टी सोडून खाली उतरली होती आणि रिकाम्या क्रेट मागे एकमेकांवर आपटत होत्या. ब्रेक लागला, गाडी झुडपात जाऊन थांबली, आम्ही दोघं वाचलो. तो पोरगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याच्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं, हा विचार आजही मला मध्यरात्री उठवतो.

सगळे रात्री जाण्याची काळजी करतात. मला विचाराल तर एनर्जी ड्रिंकवाल्या माणसाला परतीचा रस्ता जास्त धोक्याचा. हे का होतं, ते मला नंतर कळलं.

आपण जागे असतो तितका वेळ मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते त्याच्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की झोप येते. कॅफीन काय करतं, तर एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तशा त्या जागा धरून ठेवतं. अॅडेनोसिन उभंच राहतं. संपत नाही, वाढतच जातं. कॅफीन उतरायला लागलं की ती सगळी गर्दी एकदम बसते. म्हणजे बाटलीने झोप भागत नाही. वाशीच्या दलालाकडून मोहर यायच्या आधी घेतलेली उचल असते ना, तसंच हे. त्या दिवशी पैसे हातात दिसतात, पण विक्रीच्या हिशोबाची पट्टी येते तेव्हा सगळं कापून घेतलेलं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. माणसागणिक कमीजास्त होतं, गरोदर बाईच्या शरीरात तर ते फारच जास्त वेळ राहतं. माझ्या त्या रात्रीचा हिशोब मी नंतर मांडला. नऊची, साडेअकराची आणि दीडची अशा तीन बाटल्यांमधलं उरलेलं कॅफीन धरलं, तर सकाळी साडेसहाला माझ्या अंगात एक अख्खी बाटली नुकतीच प्यायल्याइतकं कॅफीन होतं. अशा वेळी केबिनमध्ये झोप कुठून लागणार? आणि दुपारी दोन ते चार ही तर शरीराची स्वतःचीच पेंगायची वेळ. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार, या दोन वेळांना रस्त्यावर डुलकी लागण्याचा धोका सगळ्यात जास्त. साठच्या वेगाने तीन सेकंद डोळा लागला तर गाडी 50 मीटर आपली आपण गेलेली असते.

आता चवीचं. थंडगार असेल तर पहिला घोट बरा लागतो, लिमलेटच्या गोळीसारखा आंबटगोड, जीभेला चुरचुरणारा. वास मात्र लहानपणी तापात देतात त्या गुलाबी औषधाचा. मागून एक कडसर चव राहते, ती कॅफीनची आणि ब जीवनसत्त्वांची. ती कडू चव झाकायलाच इतकी साखर आणि आंबटपणा घालावा लागतो. तीच बाटली डॅशबोर्डवर तासभर राहिली आणि कोमट झाली की नुसता पाक लागतो, घशाला चिकटतो. थंडपणामुळे गोडी कमी कळते, म्हणून कोमट झाल्यावर साखर खरी किती आहे ते जिभेला समजतं. रेड बुलच्या नेहमीच्या 250 मिलिच्या कॅनमध्ये साधारण 27 ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. बाकीच्या बाटल्यांचं प्रमाण वेगवेगळं, ते मागे छापलेलं असतं, वाचून घ्या. घरात मधुमेह असेल तर हे फार महत्त्वाचं. आणि रात्रभर घोट घोट पीत राहिलात तर आम्ल आणि साखर दोन्ही दातांवर बसून राहतात. माझी मागची एक दाढ त्यातच गेली असं मला वाटतं.

यात बैलाचं काहीतरी असतं, असं आमच्याकडे पोरं सांगतात, तुम्हीही ऐकलं असेल. टॉरिन हे नाव बैलावरून पडलं हे खरं, कारण 1827 मध्ये ते पहिल्यांदा बैलाच्या पित्तातून वेगळं काढलं गेलं. आता ते कारखान्यात रसायनांपासून बनवतात. आणि टॉरिन आपल्या शरीरात आपोआपही तयार होतं. तिसऱ्या, कालवं या शिंपल्या आणि माकुल यांत ते भरपूर असतं. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने टॉरिनसाठी बाटली विकत घ्यायचं कारण नाही. बाटलीत जे काम करतं ते कॅफीन, बाकी बहुतेक साखरपाणी.

मूळची ही चीज ड्रायव्हर-कामगारांसाठीच निघाली, हेही सांगतो. थायलंडमध्ये क्राटिंग डेंग नावाचं पेय ट्रकवाले आणि मजूर प्यायचे. तेच पुढे 1987 मध्ये ऑस्ट्रियात रेड बुल म्हणून बाजारात आलं. आपल्याकडे बरीच वर्षं असलं पेय महाग होतं, शंभर रुपयांच्या घरात. दुसऱ्या कंपनीची 20 रुपयांची लाल बाटली आली आणि ते वडापावच्या गाडीशेजारच्या टपरीपर्यंत पोचलं.

आकड्यांचं आता नीट बघा. आपल्या देशात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार अशा पेयात लिटरमागे 145 ते 300 मिलिग्राम कॅफीन चालतं. म्हणजे 250 मिलिच्या बाटलीत जास्तीत जास्त 75 मिलिग्राम. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: दिवसाला 500 मिलिपेक्षा जास्त नको, आणि मुलं, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका, कॅफीन न सोसणारे यांनी पिऊ नये. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून 400 मिलिग्राम आणि एका वेळी 200 पर्यंत कॅफीन सहसा त्रास देत नाही, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये सांगितलं. आता तुम्ही म्हणाल, मग दोन बाटल्यांचे 150 झाले, मी हद्दीत आहे. मीही हेच म्हणायचो. पण चहा कोण मोजणार? हॉटेलातल्या छोट्या कपाला 30 ते 40 धरा. माझे दिवसाचे सहा कप व्हायचे, त्यात तीन बाटल्या. चारशेच्या पार. तेही झोप न झालेल्या, उन्हात तापलेल्या, एका वडापाववर चाललेल्या शरीरात. कणकवलीतल्या डॉक्टरांनी माझ्याकडून हा हिशोब कागदावर करून घेतला तेव्हा मला पहिल्यांदा दिसला. माझा ईसीजी ठीक आला, बीपी वाढलेलं होतं, आणि मधेच एखादा ठोका जास्तीचा पडत होता. कॅफीन कमी करून झोप भरली तेव्हा महिन्याभरात दोन्ही जाग्यावर आलं.

तुम्हाला एकाच्या दोन लागतात, ते शरीराला सवय झाल्यामुळे. म्हणून एकदम बंद केलंत तर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकेल, चिडचिड होईल, अंगात जीव नाही असं वाटेल. हे काही दिवस ते आठवडाभर चालतं आणि जातं. दोन-तीन दिवसांनी अर्धी अर्धी बाटली कमी करत आणा. हे फेरी नसलेल्या आठवड्यात करा.

मग जागं कसं राहायचं? माझे वडील मला निघताना म्हणायचे, "दुपारी जरा पडान उठ, मगे जा. आंबो खय पळान जाता?" मी ऐकत नव्हतो, कारण दुपारी पेट्या भरायला माणूस कमी पडायचा. आता आमच्या ड्रायव्हरला दुपारी बारानंतर भरणीला हात लावू देत नाही. जेवून दोन-अडीच तास झोप, मगच स्टिअरिंग. रात्री डोळे जड झाले तर कुठल्याही पंपावर उजेडात गाडी लावायची, एक कप कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावून मान टाकायची. कॉफी चढायला तेवढाच वेळ लागतो, उठेपर्यंत दोन्हीचा फायदा मिळतो. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात 1997 मध्ये पेंगुळलेल्या ड्रायव्हरांवर हे करून पाहिलं होतं आणि दोन्ही मिळून केल्यावर चुका चांगल्याच कमी झाल्या. मी शेकडो वेळा केलंय. झोप लागली नाही तरी नुसतं डोळे मिटून पडण्याचाही उपयोग होतो. मध्यरात्रीनंतर मात्र कॅफीन घेऊ नका, म्हणजे मार्केटात पेट्या उतरल्यावर खरी झोप लागेल. परतीला ती झोप झाल्याशिवाय चावी फिरवायची नाही, मालक कितीही फोन करो. तुमचा मालक ऐकत नसेल तर हे उत्तर त्याला वाचून दाखवा, मीही मालकच आहे.

उन्हात घाम गेल्यावरही अनेक जण हीच बाटली लावतात. घामाने मीठ-पाणी जातं. ते भरायला मीठ घातलेलं कोकम सरबत, ताक, नाहीतर घरची पेज कितीतरी बरी. आणि शिमग्याच्या रात्री पोरं हे दारूत घालून पितात, तसलं कधी करू नका. नशा उतरत नाही, फक्त चढलेली कळत नाही, आणि माणूस बाईकला किक मारतो.

एक विनंती. तुमच्याबरोबर कुणी लहान पोरगा क्लीनर म्हणून येत असेल तर त्याला ही बाटली देऊ नका. मुलांसाठी दिवसाला वजनाच्या किलोमागे 3 मिलिग्राम एवढीच हद्द धरतात. 30 किलोच्या पोराला ते 90 होतात, म्हणजे एक बाटली आणि अर्धा कप चहा. आमच्या स्टँडवर सातवी-आठवीतली मुलं शाळा सुटल्यावर दोन दोन पिताना मी बघतो. 2024 मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांच्या 500 मीटरच्या आत अशी पेयं विकायला बंदी आणू असं सांगितलं होतं. पोलंडने तर 2024 पासून अठरा वर्षांखालच्यांना विक्रीच बंद केली. माझ्या ओळखीच्या दोन टपरीवाल्यांना मी समोर बसून समजावलं, त्यातल्या एकाने मुलांना देणं थांबवलंय.

तुम्ही या आठवड्यात ईसीजी काढून या आणि काय आलं ते इथेच खाली लिहा. मी बघत राहीन.