एक साथ म्हणजे एक साथ

प्रिय मुली,

तुझं परवा रात्रीचं लिहिणं तीनदा वाचलं. सोबत पाठवलेला तुझा आवाज घड्याळ समोर ठेवून ऐकला. राज्यस्तरीय कबड्डी स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी राष्ट्रगीत तू म्हणायचं ठरलंय. संयोजक सांगतात, ‘जरा वेगळं करा, लोकांच्या लक्षात राहिलं पाहिजे.’ तुझे गुरुजी म्हणतात, सूर बिलावलाच्या जवळचे आहेत, नक्षीच्या दोन जागा घेतल्यास तर बिघडत नाही. घरचे म्हणतात, आहे तसं म्हण. आणि तू मला विचारतेस, ‘बाई, मी कुणाचं ऐकू?’

तुझा गळा कसा आहे ते आपल्या दोघींना ठाऊक आहे, त्यावर शब्द घालवत नाही. तू पाठवलंस ते १ मिनिट १८ सेकंदांचं आहे. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. वरचे सव्वीस सेकंद कुठे गेले ते मी शोधत बसले. ‘अधिनायक’च्या ‘ना’वर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेलेली मींड, ‘गंगा’वर सुरांची चटकन गिरकी म्हणजे मुरकी, ‘तरंग’वर एक छोटी तान, आणि शेवटच्या ‘हे’वर श्वास संपेपर्यंत मुक्काम. सुंदर आहे ग. अगदी सुंदर आहे, आणि मला राग आला तो त्याचाच. मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते, तोंड उघडलं होतं, आणि त्या सव्वा मिनिटात मला शिरायला एक फट सापडली नाही.

शाळेत परिपाठाला काय आज्ञा असायची, आठवते ना? ‘सावधान! एक साथ राष्ट्रगीत शुरू कर!’ पहिलीच्या पोरापासून दहावीच्या मुलीपर्यंत सगळ्यांना पाठ असलेली ओळ. तिच्यातले पहिले दोन शब्द आपण इतके ऐकले की ऐकू येईनासे झाले. एक साथ. हजार मुलं, त्यातली निम्मी सुराच्या आसपाससुद्धा नसायची, तरी कुणी कधी म्हणालं का, की आज ज्याचा आवाज गोड त्यानेच म्हणा आणि बाकीच्यांनी ऐका? मैदानावर गेल्यावर ही आज्ञा बदलते असं तुला कुणी सांगितलं?

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशात समूहगानाबद्दल सविस्तर लिहिलंय, ते संयोजकांना दाखव. पुरेशा संख्येचा गायकवृंद योग्य जागी उभा करावा, त्याचा वाद्यवृंदाशी मेळ बसेल असा सराव करून घ्यावा, ध्वनिक्षेपणाची सोय अशी असावी की वेगवेगळ्या भागांत बसलेल्या लोकांना त्यांच्याबरोबर गाता येईल, अशा अर्थाच्या त्या सूचना आहेत. गायकवृंद कशासाठी? लोकांनी त्याच्याबरोबर गावं म्हणून. टागोरांनी १९१९ मध्ये आंध्रातल्या मदनपल्लीच्या महाविद्यालयात हे गीत स्वतः म्हणून दाखवलं. ऐकणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं आणि थोड्याच वेळात ‘जय हे’ तेच गाऊ लागले. तिथल्या प्राचार्यांच्या पत्नी मार्गारेट कझिन्स यांनी चाल स्वरलिपीत उतरवली तीही तिथेच. आणि २४ जानेवारी १९५० ला, संविधान सभेत हे राष्ट्रगीत म्हणून जाहीर झालं त्या दिवशी, पूर्णिमा बॅनर्जी आणि इतर सदस्यांनी मिळून ते गायलं. कुठेही बघ, एकट्याने सुरू झालेलं हे गाणं लगेच अनेकांचं होतं. ते तुझ्यापाशी येऊन परत एकट्याचं का व्हावं?

आता कामाचं.

पट्टी, म्हणजे ‘सा’ कुठे धरायचा ते. तू काळी दोनमध्ये गायलीस, कारण तिथे तुझा आवाज चमकतो. पण ‘भाग्यविधाता’ला सूर मंद्र निषादापर्यंत, खालच्या ‘नी’पर्यंत, उतरतो आणि ‘जय हे’ला तार षड्जापर्यंत, वरच्या ‘सा’पर्यंत, चढतो. तुझा तार षड्ज सहज लागतो. गॅलरीतल्या बाईचा लागत नाही, ती तिथे गप्प होते आणि एकदा गप्प झाली की पुन्हा सुरू होत नाही. खाली ये, पांढरी एकच्या वर जाऊ नकोस. तिच्याहूनही थोडी खाली आलीस तरी चालेल. त्यात तुझा आवाज साधा वाटेल. वाटू दे.

लय. इथे चांगले चांगले फसतात, म्हणून नीट वाच. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदानात तू माईकवर म्हटलेला शब्द शंभर मीटरवरच्या गॅलरीवर आपटून तुझ्याकडे परत येतो, त्याला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तू ‘विंध्य’ म्हणत असताना कानावर ‘बंग’ पडतं. अशा वेळी गाणारा नकळत त्या मागच्या आवाजासाठी थांबतो. मग गर्दी आणखी थांबते. मग तो आणखी थांबतो. ५२ सेकंदांचे ७० होतात ते कुणी भक्तिभावाने हळू गातं म्हणून नव्हे. तेव्हा साउंडवाल्याकडून पायाशी मॉनिटर, म्हणजे तुझा आवाज तुलाच ऐकवणारा स्पीकर, मागून घे, आणि परत येणाऱ्या आवाजाकडे लक्षच देऊ नकोस. समोर ड्रमवाला उभा कर, त्याच्या हाताकडे बघून गा. घरी ठोके देणारा मेट्रोनोम लावून इतकं म्हण की झोपेतही ५२ सेकंदांत संपेल.

सुरुवात. लोक गात नाहीत याचं अर्धं कारण एवढंच असतं की कधी सुरू करायचं ते त्यांना कळत नाही. सूत्रसंचालक ‘कृपया उभे राहावे’ म्हणतो आणि गायक लगेच ‘जन’ म्हणून मोकळा होतो. खुर्च्या अजून वाजत असतात, कुणाच्या हातात भेळेचा कागद असतो. गृह मंत्रालयाच्या त्याच आदेशात बँडसाठी यावर फार सुरेख तोडगा आहे: आधी संथ संचलनाच्या सात पावलांएवढा ड्रम रोल, हळू सुरू होऊन चढत जाणारा आणि पुन्हा उतरणारा, मग एका ठोक्याची शांतता, आणि मग गीत. त्या सात पावलांत माणूस उभा राहतो, अंग सावरतो, श्वास भरतो. तुमच्याकडे पूर्ण बँड नसेल, पण एखाद्या शाळेचा साइड ड्रम तर मिळेल? तो आण. त्याच शाळेतली वीस-पंचवीस मुलंमुली आण, त्यांना दोन माईक दे, आणि तू त्यांच्यात उभी राहा. पुढे नाही. त्यांच्यात.

शब्द. ‘उच्छल’ म्हण, ‘उज्ज्वल’ नाही. ‘गाहे’ म्हण, ‘गाए’ नाही. आणि मराठी मुलीने ‘आशिष मागे’चं ‘मांगे’ का करावं? आपल्या भाषेत ‘मागे’ म्हणजे काय ते तिसरीतल्या मुलाला कळतं. तू तिथे अनुस्वार दिलास आणि मला पेन खाली ठेवावं लागलं.

शेवट. शेवटचं ‘हे’ मध्यमावर, ‘म’वर, जाऊन थांबतं, षड्जावर, मूळ ‘सा’वर, उतरत नाही. गायकाला म्हणून वाटतं की गाणं उघडं राहिलं, एखादी मुरकी घेऊन ते मिटवावं. तुलाही तेच वाटलंय. मिटवू नकोस. त्याआधीची तीन ‘जय हे’ सुरू झाली की माईकपासून एक पाऊल मागे हो. तो चढ मैदानाचा आहे. नंतर टाळ्या पडल्या तर मान झुकवू नकोस, हात उंचावू नकोस, सरळ बाजूला हो.

तू लिहिलंयस, ‘पण बाई, मग माझं काय त्यात?’ हे वाक्य वाचून तुझ्याबद्दल माया दाटून आली आणि तुला हलवून जागं करावंसंही वाटलं. त्या मॅटशेजारी दोन्ही संघांची मुलं उभी असतील. नुकताच वॉर्मअप झालेला, छाती वरखाली होतेय. त्यांचं काय त्यात, याचा विचार केलास? पदकमंचावर आपलं राष्ट्रगीत वाजायला सुवर्ण लागतं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्य मिळवलं, त्या गटाचं सुवर्ण जपानच्या मल्लाचं होतं. २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाज स्वप्नील कुसाळेंनी कांस्य मिळवलं, तिथे सुवर्ण चीनचं. नेमबाज अभिनव बिंद्रांनी २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णवेध घेईपर्यंत वैयक्तिक खेळात एकाही भारतीयाने ऑलिंपिकचं सुवर्ण पाहिलं नव्हतं. तुझ्यासमोरच्या त्या मुलांपैकी बहुतेकांना पदकमंचावर आपलं राष्ट्रगीत कधीच ऐकायला मिळणार नाही. सामन्याआधीचे हे ५२ सेकंदच त्यांचे. दमलेल्या छातीने त्यांना ते गायचंय. तुझ्या मींडेच्या मागे ती मुलं कशी धावणार?

मी हे इतक्या अधिकाराने का सांगते, तेही सांगते. त्यात माझी बाजू फारशी उजळ नाही.

बावीस वर्षं मी जिल्ह्याच्या कबड्डी आणि खो-खो स्पर्धांना मुलं घेऊन राष्ट्रगीत म्हणवून घेतलं. पहिली काही वर्षं मीही तुझ्यासारखीच होते. एकदा मुलांकडून तीन वेगवेगळ्या स्वरांतली रचना बसवून घेतली आणि खूश झाले. सामना झाल्यावर मैदान आखणारे काका एवढंच म्हणाले, ‘बाई, आज छान झालं, पण आम्हाला म्हणता नाही आलं.’ ते दर वर्षी चुन्याचे हात बाजूला घट्ट धरून मोठ्याने गायचे. मी परत कधी ती रचना घेतली नाही.

दुसरी चूक याहून वाईट. खो-खोच्या एका सामन्याआधी एक मुलगा राष्ट्रगीत चालू असताना गुडघ्यावर हात टेकून वाकला होता. संपल्यावर मी माईकवरून त्याला सगळ्यांदेखत बोलले. त्याच्या पोटरीत गोळा आला होता. तो मुलगा त्या दिवशी मान खाली घालून खेळला. राष्ट्रगीत मुद्दाम अडवणं किंवा गाणाऱ्यांत व्यत्यय आणणं हा १९७१ च्या कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण आदराने उभं राहून कुणी गात नसेल तर तो अपमान ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये केरळच्या तीन भावंडांच्या खटल्यात सांगितलंय. मला हे तेव्हा ठाऊक असायला हवं होतं. तू कुणाकडे रोखून बघू नकोस. एक साथ म्हणजे दार उघडं ठेवणं, कुणाला ढकलत आत आणणं नव्हे.

आणि तिसरी. एका वर्षी आयोजकांनी ठरवलं की मुलं नकोत, पेन ड्राइव्हवरचं वाजवू, आवाज भरदार येतो. मी भांडले. लेखी दिलं की मैदानावर माणसं असताना यंत्राकडून राष्ट्रगीत म्हणवून घेणार असाल तर मी येणार नाही. त्यांनी बरं म्हटलं. मी चूक होते असं मला आजही वाटत नाही. बावीस वर्षांत कुणाकडून एक रुपया घेतला नव्हता, मुलांच्या येण्याजाण्याचा खर्चही बहुतेकदा मीच केला होता, तेव्हा एवढा हट्ट धरायचा हक्क मला होता. त्या वर्षी मी गॅलरीत बसले. राष्ट्रगीत सुरू झालं, भरदारच होतं. ‘पंजाब सिंधु’ला खरखर झाली आणि आवाज बंद पडला.

सगळं मैदान उभं होतं आणि कुणी पुढे गायलं नाही. सगळ्यांना येत होतं. लोक एकमेकांकडे बघत राहिले, कुणीतरी खुदकन हसलं, सूत्रसंचालक काहीतरी बोलला आणि लोक बसले.

त्या वेळी मी ‘गुजरात मराठा’ उचलू शकले असते. माझा गळा तिथे होता, माझे बावीस वर्षांचे विद्यार्थी त्या गॅलरीत विखुरलेले होते, एका ओळीत सगळे लागले असते. मी ओठ मिटून उभी राहिले. मनात म्हणत होते, बघा, माझ्याशिवाय काय झालं. म्हणजे ज्या क्षणी एक साथ म्हणायची खरी गरज होती त्या क्षणी मलाही ते माझं एकटीचंच वाटत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून तुझ्या २६ सेकंदांवर मी इतकी चिडते. संयोजकांना सांग, मुलं आणि ड्रम असेल तर मी येते. नाही म्हणाले तर माझ्यासारखं लेखी देऊन घरी बसू नकोस. जा, पांढरी एक धर, साधं म्हण आणि ‘जय हे’ला मागे हो. गुरुजींना माझा नमस्कार सांग आणि सांग की त्या दोन जागा मैफलीत घेईन.

रविवारपर्यंत नवं ध्वनिमुद्रण पाठव. ५५ सेकंदांच्या वर गेलं तर मी ऐकणार नाही. अंतिम सामन्याला मी येणार आहे, समोरच्या गॅलरीत सगळ्यांत वरच्या पायरीवर. तिथे तुझा आवाज उशिरा पोचतो, म्हणून ड्रमवाल्याचा हात मला दिसेल असा त्याला उभा कर. मी त्याच्याकडे बघून गाईन.

तुझी,
बाई