कॉम्प्युटर नागपुरात नीट चालतो, गावी नेला की बंद पडतो. गावात येऊन पाहणारा माणूस कसा शोधावा?

तुमचं काटोलजवळच्या गावात ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे, मशीन दोनदा नागपूरच्या बर्डी बाजारात नेली, दोन्ही वेळा तिथे मुकाट चालली आणि गावी आठवड्यात पुन्हा बंद. भाऊ, मग खराबी बहुतेक मशीनमध्ये नाही, दुकानाच्या भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे. कॉम्प्युटरवाल्याच्या आधी मीटर वापरता येणारा इलेक्ट्रिशियन गाठा.

मी नागपुरात दुरुस्तीचं काम करतो. आठवड्यातून दोन दिवस कळमेश्वर, काटोल, सावनेर या बाजूला गाडीवर फिरतो. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका सेवा केंद्रात गेलो होतो. अंगठ्याची मशीन दिवसातून दहा वेळा डिस्कनेक्ट व्हायची, खास करून कूलरचा पंप सुरू झाला की. तिथल्या काकू खुर्चीखाली टायरचा तुकडा टाकून, त्यावर पाय ठेवून बसायच्या. का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, ‘डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात, टायरवर येत नाहीत.’ त्यांनी रोग बरोबर ओळखला होता, फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं.

नाव अर्थिंग, म्हणजे नको असलेला करंट जमिनीत सोडणारी जोडणी. एसएमपीएसमध्ये (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात) बारीक कपॅसिटर असतात, ते लाइनमधला कचरा अर्थमध्ये सोडतात. अर्थच नसेल तर तो कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसतो, मीटरला शंभरेक व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा असतो, पण यूएसबीवरची नाजूक उपकरणं गडबडायला तेवढा पुरतो. (मुद्दाम हात लावून तपासू नका. वायर सुटून पूर्ण लाइन पत्र्यावर आली असेल तर जीव जाईल.)

आपल्याकडे हे उन्हाळ्यात जास्त का होतं? काळी माती. वाळली की आकसते, भेगा पडतात आणि जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या रॉडला सोडते. पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. काकूंकडे अर्थिंगच्या खड्ड्यात चार बादल्या पाणी टाकलं आणि गंजलेला क्लॅम्प बदलला. एसएमपीएसला हातही लावला नाही.

इलेक्ट्रिशियनला सॉकेटच्या तीन भोकांमधल्या व्होल्टचे तीन आकडे मागा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन २३० च्या आसपास आणि जवळपास सारखे हवेत, तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत. एकदा दुपारी आणि एकदा संध्याकाळी घ्या, कारण लोड चढला की चित्र बदलतं. तो सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ‘झालं काम’ म्हणाला, तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. आकडे सुंदर दिसतील, पण पुढे कुठे न्यूट्रल तुटला की अख्खा पत्रा २३० व्होल्टवर येईल.

यूपीएसची बॅटरीही बदलायला आलेली असेल. इथल्या गरमीत तिची दोन वर्षं म्हणजे पुष्कळ. यूपीएस खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

एवढं करूनही बंद पडली, तर कॉम्प्युटरवाला तालुक्याचाच पाहा, ६० किलोमीटरवरच्या माझ्यासारख्याला पेट्रोलचे पैसे कशाला देता? मशीन न पाहता जो ‘फॉरमॅट मारू’ म्हणतो, तो नको. माझ्या एका गिऱ्हाइकाचा तीन वर्षांचा हिशेब असाच उडाला, बॅकअप घ्यायचं कोणाला सुचलंच नाही. फोनवरून स्क्रीन पाहू द्यायची असेल तर तुम्ही स्वतः फोन लावलेल्या, ओळखीच्या माणसालाच, आणि तेव्हा बँकेचं पान उघडं नको.

फोन करताना ते तीन आकडे हाताशी ठेवा. मला केलात तरी मी आधी तेच विचारीन.