सोनोग्राफीचे ‘किरण’ असतात का?

एका वाचक ताईंचा प्रश्न: ‘सातवा महिना चालू आहे. सासूबाई म्हणतात, सारखी सोनोग्राफी नको, किरण बाळाला लागतात. दवाखान्यात सांगितलं, किरण-बिरण काही नाही, नुसता आवाज असतो. मराठीत नेमकं काय म्हणायचं?’

माझ्या मते शब्द दोघांचाही चुकला आहे.

‘किरण’ हा शब्द इथे क्ष-किरणांवरून आला. पोटातलं दाखवणारं यंत्र, काळं-पांढरं चित्र, अंधारी खोली, मग आत किरणच सोडत असणार असं आपण गृहीत धरलं. पण तपासणीच्या वेळचं ते गारेगार जेल आठवा. पोट आणि यंत्राचा दांडा यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला तरी चित्र उमटत नाही, म्हणून ते फासतात. क्ष-किरणांना हवेची अडचण नसते, एक्स-रे काढताना कोणी अंगाला जेल लावत नाही. सोनोग्राफीत जातात त्या ध्वनिलहरी. त्यांना पुढे सरकायला पाणी, मांस असं काहीतरी माध्यम लागतं, आणि हवेशी गाठ पडली की त्या जवळजवळ सगळ्या परत फिरतात. क्ष-किरण अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवू शकतात, त्यातून पेशीतल्या डीएनएला धक्का लागू शकतो. ध्वनीला ते जमत नाही. तेव्हा इथे ‘किरणोत्सर्ग’ तर अजिबात म्हणू नये.

आता ‘नुसता आवाज’. मराठीत आवाज म्हणजे जो कानाला ऐकू येतो तो. माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. पोटावरून तपासताना बहुधा 2 ते 5 मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 20 ते 50 लाख कंपनं वापरतात. त्याला शाळेच्या पुस्तकातला शब्द आहे ‘श्राव्यातीत ध्वनी’: श्राव्य अधिक अतीत, ऐकू येण्याच्या पलीकडचा. (काही जण ‘स्वनातीत’ लिहितात, तो शब्द ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानाला ठेवावा. ‘स्वन’ आणि ‘सोनोग्राफी’तला लॅटिन ‘सोनस’ हे मात्र एकाच मुळाचे भाऊबंद.)

‘नुसता’ हा शब्द मला जास्त खटकतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रान्सचे भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हाँ पाण्यात असा ध्वनी सोडत होते, तेव्हा झोतात आलेले लहान मासे मरताना दिसले. तो ध्वनी फार जोरकस होता, तपासणीतला तसा नसतो. पण पाठ धरली की फिजिओथेरपिस्ट ‘अल्ट्रासाऊंडचा शेक’ देतात तो याच जातीचा. ‘शेक’ हा शब्द किती नेमका बसलाय पाहा! ध्वनी शोषला गेला की ऊती तापते, हाड जरा जास्तच. दुसरा परिणाम यांत्रिक: दाब सारखा कमी-जास्त झाल्याने सूक्ष्म बुडबुडे धडधडू शकतात, त्यामुळे हवा असलेली फुप्फुसं आणि आतडी जास्त नाजूक ठरतात. गर्भाच्या फुप्फुसांत हवा नसते, तिथे ही भीती बरीच कमी.

पुढच्या वेळी पडद्याच्या कडेला बघा, ‘टीआय’ आणि ‘एमआय’ असे दोन छोटे आकडे दिसतील. टीआय म्हणजे तापण्याचा अंदाज: 1 असेल तर ढोबळमानाने 1 अंश सेल्सिअसपर्यंत वाढ शक्य. एमआय यांत्रिक परिणामाचा. डोळे वगळता त्याची अमेरिकेतली कमाल मर्यादा 1.9 आहे. साध्या तपासणीने बाळाला अपाय झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. तरी पहिल्या तीन महिन्यांत कारणाशिवाय डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावू नये, असं तज्ज्ञ सांगतात, कारण त्यात एकाच जागी जास्त ऊर्जा पडते. म्हणजे सासूबाईंचा ‘किरण’ चुकला तरी ‘सारखी नको’ हे बरोबर. अर्थात डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी त्या ‘सारखी’त धरायची नाही.

तर लिहिताना ‘ध्वनिलहरी’ लिहा, शास्त्रीय मजकुरात ‘श्राव्यातीत ध्वनी’. बोलताना ‘सोनोग्राफी’च राहू द्या, ‘ध्वनिचित्रण’ म्हणालात तर समोरचा गाण्याच्या रेकॉर्डिंगचं समजेल. आणि ‘सोनोग्राफी काढली’ म्हणणाऱ्यांना मी हसत नाही. फोटो काढतात, एक्स-रे काढतात, त्याच ओळीत तीही बसली, आणि शेवटी हातात चित्राचा कागद मिळतोच की.