किड्याच्या अंगात किडा

प्रश्न : सर, सिलिडी कुलातला एक समुद्री कृमी चिरला, तर आत दुसराच कृमी निघाला. अंतःपरजीवी, म्हणजे दुसऱ्या प्राण्याच्या अंगात राहून त्याच्यावर जगणारे, कृमी सगळे एकाच कुलात बसतात का? आणि काही शास्त्रीय नावांपुढे संशोधकाचं नाव कंसात असतं, काहींपुढे नाही, असं का?
– एक एम.एस्सी. विद्यार्थिनी

उत्तर : कुलाचं मागाहून बघू. तो नेमका होता कुठे? आतड्यात असेल तर ते यजमानाचं, म्हणजे बाहेरच्या कृमीचं, जेवण. आतड्याबाहेर, देहगुहेत (आतडं आणि शरीराची भिंत यांमधल्या पोकळीत) असेल तरच परजीवीचा संशय घ्या. त्यातही चकवा आहे. सिलिस व्हिविपॅरा ही सिलिडीतली जाती आपली पिल्लं अंगातच वाढवते! म्हणून शूक, म्हणजे अंगावरचे ताठ केस, बघा. सिलिडींचे बरेचसे शूक सांध्याचे, दोन तुकड्यांचे असतात. ईनोनिडी या दुसऱ्या कुलात, ज्यात असे परजीवी आढळतात, तसे नसतातच, सगळे अखंड.

शूक अखंड निघाले तर ईनोनिडीतली लॅब्रोरोस्ट्रॅटस प्रजाती (जीनस) आधी तपासा. लॅब्रोरोस्ट्रॅटस पॅरासिटिकस ही जाती (स्पीशीज) सेंट-जोसेफ यांनी 1888 मध्ये फ्रान्सच्या दिनार किनाऱ्यावरून नोंदवली, तीही सिलिडीच्याच अंगातून. डोकं ग्लिसरिनमध्ये ठेवून काचपट्टी हलकेच दाबा, म्हणजे जबडे दिसतील. ईनोनिडीचं वर्गीकरण बरंचसं जबड्यांवर उभं आहे आणि परजीवींत नेमके तेच खुरटतात. खुरटलेपणावरून नातं जोडायला गेलात की फसलात.

व्हेनेरिसर्व्हा ही प्रजाती घ्या. हीसुद्धा दुसऱ्या बहुशूकी कृमीच्या, ॲफ्रोडिटाच्या, देहगुहेत राहते. पण कुल डॉर्व्हिलिडी. म्हणजे आत शिरण्याची वाट वेगवेगळ्या कुलांनी आपापली शोधली. ‘अंतःपरजीवी’ हा राहण्याचा पत्ता झाला, आडनाव नव्हे.

जुन्या पुस्तकांत ईनोनिडीऐवजी ॲराबेलिडी दिसेल. हे दोन गट एकत्र केल्यावर किनबर्ग यांचं 1865 सालचं जुनं नाव टिकलं, अग्रक्रमाचा नियम.

कंसाचं सोपं आहे. जाती मूळ प्रजातीतून दुसरीत हलवली की पहिल्या संशोधकाचं नाव कंसात जातं. सेंट-जोसेफ कंसाबाहेर आहेत, कारण त्यांची जाती जागची हललेली नाही.

आणि हो, यजमान फेकू नका. दोघांना वेगळ्या कुप्यांत, पण एकाच नोंद क्रमांकाखाली ठेवा. डीएनए काढायचा असेल तर फॉर्मॅलिनऐवजी इथेनॉल वापरा.