विरोधी पक्षांच्या आमदारांनी एकत्र काम करावं म्हणून काय करता येईल?

आमदारांना समजावण्याआधी आपण कार्यकर्त्यांनी सुधारावं. आमदार बंद खोलीत एकमेकांशी नीट बोलतात. बाहेर आले की आपल्याला घाबरतात.

सांगलीकडचा माणूस आहे मी, बरीच वर्षं एका पक्षाचं काम केलं. नदीच्या अलीकडे आमचा मतदारसंघ, पलीकडे दुसरा, आणि दोन्ही आमदार हाडवैरी. पूल नव्हता. पावसाळ्यात पलीकडच्या हायस्कूलला जाणारी पोरं आम्ही काहिलीत बसवून न्यायचो. गूळ करायची काहील, तीच. २००५च्या महापुरात तीही बंद पडली आणि पोरांची शाळा बुडाली.

दोघांचं पत्र एकदम गेलं तर काम बजेटमध्ये येईल, असं कळलं. एकाच कागदावर सह्या घ्यायला गेलो, तर पहिलं नाव कुणाचं यावर घोडं अडलं. मग मजकूर एकच, तारीख एकच, पण लेटरहेड दोन. आमदार निवासात जिने चढउतार करत दोन्ही पत्रं पुरी केली आणि मंत्र्यांच्या दालनात एकाच पाकिटात दिली. पूल मंजूर झाला.

खरं रामायण कोनशिलेवर झालं. मी दोन्ही नावं कोरून घेतली. भूमिपूजनाच्या आदल्या रात्री आमच्याच पोरांनी दुसऱ्या नावावर सिमेंट थापलं. पहाटे खुरप्याने ते मी खरवडून काढलं. बोटं सोलली. माझ्या चुलत भावाने, दादाने, चारचौघांत म्हटलं, "तू पक्ष विकलास." त्यानंतर तो माझ्या दारात आलेला नाही.

व्हिपमुळे, म्हणजे पक्षाने आमदारांना काढलेल्या आदेशामुळे, एकत्र काम होत नाही, असं इथे अनेकजण लिहितात. मला पटत नाही. व्हिप मतदानाला लागतो. पत्राला, समितीला कोण अडवतं? समितीच्या बैठकीत कॅमेरे नसतात, म्हणून तिथे काम होतं. लोकसभेत १९६७पासून सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद विरोधकांकडे द्यायचा पायंडा आहे. आपला रोजगार हमी कायदा १९७७ साली दोन्ही सभागृहांनी एकमताने केला. त्याच्या पैशासाठी १९७५मध्ये व्यवसाय कर आला होता, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराला काम. असा विषय भाषणं ठोकून पेटवता आला असता. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. योजना त्यांच्या डोक्यातली, पण तिची मालकी त्यांनी कुठल्या पक्षाकडे राहू दिली नाही. २००५मध्ये दिल्लीने देशासाठी तसाच कायदा केला.

तेव्हा तुमच्या आमदाराने विरोधकाबरोबर फोटो काढला तर व्हॉट्सॲपवर त्याला गद्दार म्हणू नका. एवढं केलंत तरी पुष्कळ.

हे पूल, पाणी, दवाखान्यापुरतं म्हणतोय. टेंडर वाटून घेण्यासाठी गळ्यात गळे घालतात त्यांची बाजू मी घेत नाही, आणि सभागृहात सरकारला धारेवर धरायलाच हवं.

आणि दादा, तू इथे वाचतोस हे मला माहीत आहे. त्या पत्राचा मसुदा मी आपल्याच आमदारांच्या सांगण्यावरून लिहिला होता. "त्यांचं नाव घाल, पण मी सांगितलं म्हणू नकोस," असं ते म्हणाले होते. ते हयात होते तोवर मी शब्द पाळला.